दीपगृहाच्या कोटाची शिवण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त वस्त्रसंवर्धक, म्हणजे संग्रहालयातल्या जुन्या कापडांचे डाग काढण्यात चौतीस वर्षे घालवलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला न जुमानता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे सोडून दुसरे कोणी कुठून काढून दाखवले, तर ते खोटे समजावे.

"पूर्ण शुद्धीत" या शब्दांना माझ्या भावाच्या मुलाची हरकत आहे. गेल्या थंडीत तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि माझ्या तोंडावर त्यांना म्हणाला, "डॉक्टर, आत्याचं डोकं ठिकाणावर नाही. ती कपड्यांवर थुंकते." खरे आहे, थुंकते. माणसाच्या थुंकीत पिठूळ डाग पचवणारे एन्झाइम असते. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेला लावायचा, डागावर हलके फिरवायचा आणि मग स्वच्छ पाण्याने पुसून घ्यायचे. राजेरजवाड्यांची वस्त्रे मी अशीच साफ केली आहेत आणि त्यांच्या वारसांनी पुढे त्यांना नाके लावून वास घेतला आहे. डॉक्टरांच्या टायवर सुपाचा वाळका डाग होता. मी त्यांना टाय काढायला सांगितला आणि तीन मिनिटांत परत दिला. डॉक्टरांनी टायकडे पाहिले, भाच्याकडे पाहिले आणि मला मानसिक आरोग्याचा दाखला लिहून दिला. तो या कागदांना जोडला आहे. टाय त्यांनी पुन्हा घातला की नाही, ते मला माहीत नाही.

कलम पहिले. घड्याळाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर असलेले माझे दोन खोल्यांचे घर, त्यातली उत्तरेची मोठी खिडकी आणि खिडकीखालचे लांब टेबल यांसह, माझ्या भाचीला द्यावे. ही माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीची मुलगी. सात वर्षांची असल्यापासून माझ्याकडे वाढली. एरवी मला मावशी म्हणते, चिडली की बाईसाहेब म्हणते. कोपऱ्यावर तिचे लॉन्ड्रीचे दुकान आहे. तिथे ती जगभरचे कपडे एका यंत्रात कोंबते आणि वर मला विचारते, "मावशी, तुला एका डागाला तीन तीन आठवडे कसे गं लागायचे?" घर तिने विकावे, भाड्याने द्यावे किंवा राहावे. टेबलावर मात्र इस्त्री करू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची आहे, कारण लोकांच्या मागे लागून काम करून घेण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही.

कलम दुसरे. वर उल्लेख केलेल्या भाच्याला माझे मोठे भिंग द्यावे. हे मृत्युपत्र तो कोर्टात नेणार याबद्दल मला शंका नाही, तेव्हा बारीक अक्षर वाचायला ते त्याला उपयोगी पडेल. मागच्या भेटीत मी चहा टाकत होते आणि हा बाहेरच्या खोलीची लांबी पावलांनी मोजत होता. मला दारातून दिसत होते. मोजमापात तो दोन फूट चुकला, तेही इथे नोंदवून ठेवते.

कलम तिसरे. बँकेतली ठेव अर्धी भाचीला आणि अर्धी गल्लीच्या वाचनालयाला. भांडीकुंडी ज्याला हवी त्याने न्यावीत. वरच्या मजल्यावरच्या बाईंना काहीही देऊ नये. बावीस वर्षे त्यांनी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर कुंड्यांचे पाणी सोडले आणि दरवेळी "अगंबाई, दिसलंच नाही" म्हणाल्या. मी त्यांना माफ केलेले नाही, एवढा निरोप त्यांना द्यावा.

कलम चौथे. माझा कामाचा एप्रन दाराच्या खुंटीवर आहे. मला शेवटचे नेताना तो माझ्या अंगावर असावा. त्यावर शाई, सरस, गंज, अंड्याचा बलक आणि निदान तीन शतकांची धूळ आहे. भाचीने तो आधी धुवायचा नाही. "लोक काय म्हणतील" असे ती म्हणेल. लोकांना मी ओळखत नाही.

कलम पाचवे. आता कामाचे. माझ्याकडे नमुन्यांचे एक कपाट आहे. त्यात बाराशे कापडाचे तुकडे आहेत आणि प्रत्येकावर एक डाग, अर्धा तसाच ठेवलेला आणि अर्धा काढलेला. त्यांच्यासोबत एकेचाळीस वह्या आहेत. कोणत्या डागाला कोणते एन्झाइम, किती उबेला, किती वेळ, काय फसले, काय साधले, ते सगळे त्यांत आहे. संग्रहालयाच्या विद्यमान संचालकांनी या कपाटासाठी मला तीन पत्रे पाठवली. तिसऱ्यात त्यांनी मला "आदरणीय गुरुमाता" म्हटले आहे. एकतीस वर्षांपूर्वी हेच गृहस्थ तेव्हाच्या संचालकांच्या, म्हणजे मोठ्या साहेबांच्या मागे फायली धरून चालत आणि साहेब थांबले की त्यांच्या पाठीवर आपटत. कपाट आणि वह्या मी संग्रहालयाला देते, पण सातव्या कलमातली अट पूर्ण झाली तरच.

कलम सहावे. ही अट कशासाठी, ते इथे लिहिते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत एक निळा सुती कोट आहे. तो दीपगृहाच्या रखवालदाराचा. दीडशे वर्षांमागे वादळात एक बोट खडकावर फुटली, तेव्हा त्याने अकरा माणसे एकेक करून पाठीवर घेऊन वर आणली. त्यांचे रक्त त्या कोटाला लागले होते. लोकांनी कोट जपला तो त्या रक्तासाठी. मोठ्या साहेबांना नव्या दालनाच्या उद्घाटनासाठी तो स्वच्छ हवा होता.

"साहेब," मी म्हणाले, "डाग काढला तर मागे काय राहणार? निळा कोट तर पोस्टमनकडेही होता."

"बाई," ते म्हणाले, "तुम्हाला डाग काढायचा पगार मिळतो. डाग सांभाळायचा नाही. पाच दिवस आहेत."

इथे मी नाही म्हणायला हवे होते. म्हणाले नाही.

रक्त म्हणजे प्रथिन. ते पचवणारे एन्झाइम वेगळे असते आणि ते सुताच्या वाटेला जात नाही. पण रेशीम आणि लोकर हीही प्रथिनेच, त्यामुळे रक्ताबरोबर त्यांचाही फडशा पडतो. म्हणून आमच्या कामाच्या खोलीत एक नियम होता आणि तो मीच केलेला होता: पाण्यात घालण्याआधी कपड्यातल्या प्रत्येक धाग्याचा एकेक तंतू जाळून पाहायचा. कापडाचा, अस्तराचा आणि शिवणीचा. सूत जळताना जळक्या कागदाचा वास येतो आणि रेशीम जळताना जळक्या केसांचा. मी कापडाचा तंतू जाळला. कागद. अस्तराचा जाळला. कागद. शिवणीचा धागा भिंगाखाली पाहिला, "सूतच आहे" म्हणाले आणि जाळला नाही. धाग्याला मेण चोळलेले होते, त्यामुळे रेशमाची चमक झाकली गेली होती. पण हे सांगून मी सुटत नाही. एक काडी ओढायला किती वेळ लागतो?

आमच्याकडे तेव्हा एक रंगारी होता. जुन्या कापडाला जोड द्यायचा तर त्या जोडाला तो असा रंग जुळवून द्यायचा की सांधा शोधावा लागे. पाण्याची ऊबही तोच सांभाळायचा. एन्झाइमला अंगाच्या उबेचे पाणी लागते, सदतीस अंश. थंड झाले तर ते झोपून राहते आणि फार तापले तर मरते. त्या दिवशी रंगारी तीन तास परातीपाशी उभा होता. दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर बुडवायचा, आकडा मोठ्याने वाचायचा आणि नोंदवहीत लिहायचा. बारा नोंदी. बाराही सदतीस.

रक्त गेले. अगदी सुरेख गेले, मी स्वतःवर खूश झाले. मग दोघांनी मिळून कोट उचलला आणि डावी बाही पाण्यातच राहिली.

"बाई," रंगारी म्हणाला, "हे सुटतंय."

कॉलर सुटली, उजवी बाही सुटली, पाठ मधोमध उलगडली. शिवणीचा धागा रेशमी होता आणि मी तो पचवून टाकला होता. परातीत कोटाचे नऊ तुकडे तरंगत होते.

चौकशी दोन दिवसांत उरकली. साहेबांना असा दोषी हवा होता, ज्याच्या जाण्याने वर्तमानपत्रात ओळ येणार नाही. अहवालात लिहिले, की रंगाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे पाणी प्रमाणाबाहेर तापले आणि त्यामुळे शिवण कुजली. नोंदवहीतले ते पान फाडण्यात आले. अहवाल माझ्यापुढे सहीला आला.

तो वाचताच मला कळले, की लिहिणाऱ्याला आमच्या कामातले ओ की ठो कळत नाही. पाणी खरोखर तापले असते, तर एन्झाइम मेले असते, शिवणीला धक्काही लागला नसता आणि कोट आजही आपल्या जुन्या धाग्यावर उभा असता. म्हणजे ज्या चुकीसाठी रंगाऱ्याला काढले, ती त्याने केली असती तर कोट वाचला असता. त्या इमारतीत हे समजणारी मी एकटीच होते. आणि मी सही केली.

त्या वर्षी माझी बहीण गेली होती आणि तिची मुलगी माझ्या घरी येऊन तीनच महिने झाले होते. नोकरी गेली असती, तर आम्ही दोघी कुठे गेलो असतो कोण जाणे. भाचीने हे वाचून डोळ्यांना पदर लावायचा नाही. सही मी केली. ती तेव्हा शेजारच्या खोलीत बसून पाढे म्हणत होती आणि सोळाच्या पाढ्यात अडकत होती. मला त्या सहीची लाज वाटते. एकतीस वर्षे रोज वाटली आहे आणि ती काढायचा उपाय एकेचाळीस वह्यांत कुठे नाही.

पुढे चार महिने बसून मी तो कोट पुन्हा शिवला, जुन्याच भोकांतून सुई घालून. लोक काचेला नाक लावून म्हणतात, बघा काय शिवण असायची त्या काळी. फाडलेले पान मला साहेबांच्या खोलीबाहेरच्या कचऱ्याच्या टोपलीत सापडले. ते मी इस्त्री करून जपले आहे. अर्धवट विरलेल्या रेशमी धाग्याचा बोटभर तुकडा काचेच्या नळीत ठेवला आहे. दोन्ही या कागदांसोबत आहेत.

कलम सातवे. अट अशी. माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांच्या आत कोटाच्या पेटीजवळचा फलक बदलून तिथे पुढील मजकूर लावावा:

"या कोटावर अकरा माणसांचे रक्त होते. ते काढायला नको होते. काढताना शिवणीचा धागा संवर्धक बाईंनी तपासला नाही, म्हणून मूळ शिवण नष्ट झाली. आताची शिवण त्यांनी घातलेली आहे. पाण्याची ऊब रंगाऱ्याने अचूक राखली होती. त्याला कामावरून काढणे हा अन्याय होता."

यातला एक शब्दही बदलू नये. "अन्याय"च्या जागी "गैरसमज" घालू नये. अक्षरे चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी असावीत. फलकाशेजारी ते फाटके पान, ती नळी आणि त्या दिवशी वापरलेला माझा थर्मामीटर ठेवावा. संचालक महोदय समिती नेमतील, समितीला चहा पाजतील आणि विषय पुढच्या बैठकीत घेतील. तोवर फलक लागला नाही, तर एक्क्याण्णवाव्या दिवशी भाचीने टेम्पो आणून कपाट आणि वह्या नदीपलीकडच्या विणकामशाळेला पोहोचवाव्यात आणि पानाची प्रत शहरातल्या प्रत्येक वर्तमानपत्राला द्यावी. संग्रहालयाचे नाव खराब होईल, असे कोणी तिला समजावायला आले, तर तिने त्यांना लॉन्ड्रीची पावती हातात द्यावी.

मोठे साहेब आता हयात नाहीत. ते गेले, तेव्हा मी त्यांच्या शोकसभेला गेले नाही. त्या दिवशी मी घराच्या खिडक्या धुतल्या.

कलम आठवे. रंगाऱ्याला मी काहीही ठेवलेले नाही. भाचीला हे विचित्र वाटेल, कारण तो दर गुरुवारी आमच्याकडे चहाला येतो आणि तिला लहानपणी त्यानेच बाहुलीचे झगे रंगवून दिले होते. नोकरी गेल्यावर तो शिंप्यांना अस्तरे रंगवून देऊ लागला. तेही फक्त गार पाण्यातले रंग. गुडघ्यांमुळे चुलीपुढे उभे राहवत नाही, असे सांगतो. एकतीस वर्षांत आम्ही हवामान, महागाई, त्याची सून आणि माझा भाचा या सर्वांवर बोललो. कोटावर एकदाही नाही. खरे काय ते त्याला ठाऊकच आहे आणि मोठ्या मनाने तो विषय काढत नाही, असे मी धरून चालले. तसे धरणे मला सोयीचे होते.

त्याला काही न ठेवण्याचे कारण असे, की ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये असा नियम आहे आणि मला त्याची सही हवी आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. याने वाचायचा आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. वाचून त्याने सही नाकारली, तर हे कागद रद्दीच्या भावाचे होतील. मग भाच्याला घरात वाटा मिळेल, संचालकांना त्यांचा जुना फलक ठेवता येईल आणि मी काही बोलू शकणार नाही. तो अधिकार मी त्याला देते. त्याच्या जागी दुसरा साक्षीदार मी शोधणार नाही.

पुरवणी. सह्या होण्याआधी, त्याच दिवशी, त्याच टेबलावर लिहिलेली.

रंगारी दहा वाजता आला. मी चहाऐवजी कागद पुढे ठेवले. तो ओळीखाली बोट धरून वाचतो. टायच्या ठिकाणी हसला. सहावे कलम वाचून झाल्यावर पुन्हा मागे गेला आणि पहिल्यापासून वाचले. मग फाटके पान उचलून खिडकीपाशी नेले आणि बारा आकडे एकेक करून पाहिले.

"सदतीसच होतं का, बाई?" त्याने विचारले.

"सदतीसच. बाराही वेळा. तुझंच अक्षर आहे."

"मला वाटायचं, एखाद्या वेळी नजर चुकली असेल माझी."

"तू स्वतः लिहिलं होतंस ना रे?"

"लिहिलं होतं. पण अहवाल आला, साहेब बोलले. तरी मी म्हणत होतो, नाही, सदतीस होतं. मग कळलं, तुम्ही सही केलीत. तुम्हाला कामातलं सगळं कळायचं, बाई. तुम्ही सही केलीत म्हटल्यावर मी मानलं."

मी टेबलावरची काचेची नळी उगाच सरळ करून ठेवली.

"गुडघ्यांना काही झालेलं नाही माझ्या," तो म्हणाला. "पाणी तापवायची भीती वाटते. गरम पाण्यात रंग केलाच नाही त्यानंतर. म्हटलं, परत कुणाचं तरी काहीतरी जाईल."

तर असे आहे. मी समजत होते, की त्याला सगळे ठाऊक आहे आणि तो मोठ्या मनाने गप्प बसतो. तो समजत होता, की चूक त्याची आहे आणि मी मोठ्या मनाने त्याला चहा पाजते. एकतीस वर्षांचे गुरुवार आम्ही दोघे असे बसलो आणि त्या सगळ्या काळात ते पान त्याच्यापासून चार पावलांवर कपाटात होते. आठव्या कलमात मी "मोठ्या मनाने" असे लिहिले आहे. ते खोडत नाही. माझा मूर्खपणा मूळ अक्षरात राहू द्यावा.

"मला माफ कर," मी म्हणाले.

"ते आज जमायचं नाही, बाई." त्याने पान जपून खाली ठेवले. "सही करतो. पण माझा हुद्दा लिहीन, आणि एक ओळ माझी लिहीन."

मी होकार दिला आणि खिडकीतून खालच्या घड्याळजींना हाक मारली. ते दुकानाला कुलूप लावून जिना चढत आहेत. त्यांना दम लागतो, त्यामुळे एवढे लिहायला मला वेळ मिळाला. रंगारी स्वयंपाकघरात आहे. त्याने गॅस पेटवून पातेल्यात पाणी ठेवले आहे आणि सातव्या कलमातला थर्मामीटर त्यात धरून उभा आहे. आता गॅस बंद केला. बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले. पुढच्या गुरुवारी येशील का, हे मी त्याला विचारलेले नाही.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा असून मला मान्य आहे. कोणाला तो मान्य नसेल, तर त्यांनी माझ्या हयातीत येऊन मला सांगावे. मी घरीच असते.

ठिकाण: माझ्या घरातले खिडकीखालचे लांब टेबल
वार व वेळ: गुरुवार, सकाळचे अकरा वाजून चार मिनिटे (घड्याळजींच्या घड्याळाप्रमाणे)

सही, लिहून ठेवणार:
निवृत्त वस्त्रसंवर्धक

साक्षीदार पहिला, सही:
घड्याळजी, तळमजला. मजकूर वाचला नाही. बाईंना सही करताना पाहिले. हात स्थिर होता.

साक्षीदार दुसरा, सही:
रंगारी, वस्त्रसंवर्धन विभाग. मजकूर दोनदा वाचला. पाणी सदतीस अंश होते.